समुद्र १२० मीटर खाली होता तेव्हा पाऊस कुठे पडत होता?

नागपुरातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवणाऱ्या सरांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. सुमारे २१,००० वर्षांपूर्वी, शेवटचे हिमयुग ऐन भरात असताना, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा साधारण १२० मीटर खाली होती, हे ते वर्गात शिकवत होते. तेव्हा बारावीतल्या एका विद्यार्थिनीने विचारले, की समुद्रात पाणीच कमी होते म्हणून पाऊस कमी पडत होता का, आणि समुद्र नागपूरपासून दोन्ही अंगांनी पाचशे-सातशे किलोमीटर दूर असताना त्याच्या वरखाली होण्याने इथल्या पावसाला काय फरक पडणार? सरांनी स्वतःचाही एक प्रश्न जोडला आहे, की आता समुद्रपातळी वाढते आहे, तर पाऊसही वाढेल का. समुद्रतळाच्या गाळातून जुन्या हवामानाचा माग काढणे हेच माझे काम असल्यामुळे उत्तर थोडे लांबेल, त्याबद्दल सरांनी सांभाळून घ्यावे.

विद्यार्थिनीची पहिली शंका स्वाभाविक आहे, पण तिचा हिशेब जुळत नाही. महासागरांची सरासरी खोली सुमारे ३,७०० मीटर आहे, म्हणजे १२० मीटर ही घट एकूण पाण्याच्या जेमतेम तीन टक्के भरते. शिवाय बाष्पीभवन पाण्याच्या साठ्यावर नव्हे, तर पृष्ठभागावर, त्याच्या तापमानावर आणि वाऱ्यावर अवलंबून असते, आणि महासागरांचा पृष्ठभाग त्या काळात काही टक्क्यांनीच आक्रसला होता. हिमयुगात जगभर एकूण पाऊस कमी होता हे खरे आहे, परंतु त्याचे मुख्य कारण गारठा हे होते. उष्णकटिबंधातले समुद्रही आजच्यापेक्षा दोन-तीन अंशांनी थंड होते आणि थंड हवेत बाष्प कमी मावते, दर अंशामागे सुमारे सात टक्के. म्हणून समुद्र किती मीटर उतरला यापेक्षा तो कुठून उठून गेला, हे आधी पाहावे लागते.

किनारा जिथे एकदम खोल होतो तिथे १२० मीटरच्या घटीने किनारपट्टी थोडी पुढे सरकते, एवढेच. ज्या ठिकाणी समुद्रबूड जमीन, म्हणजे किनाऱ्यालगतचा पाण्याखालचा जमिनीचा भाग, रुंद आणि उथळ आहे तिथे मात्र देशच्या देश उघडे पडतात. आपल्या जवळचे उदाहरण घ्यायचे तर बॉम्बे हायचे तेलक्षेत्र मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर समुद्रात आहे आणि तिथे पाण्याची खोली साधारण ७५ मीटर आहे, म्हणजे हिमयुगात तिथे कोरडी जमीन होती. खंबातचे आखात, कच्छचे आखात आणि जवळजवळ संपूर्ण इराणचे आखात कोरडे होते, आणि भारतातून श्रीलंकेत पायी जाता येत होते. तरीही उष्णकटिबंधाच्या हवामानाच्या दृष्टीने या सर्व जागा किरकोळच म्हणाव्या लागतील. खरी घडामोड इंडोनेशियाच्या आसपास झाली.

आज मलाया, सुमात्रा, जावा आणि बोर्निओ यांच्यामध्ये जो समुद्र आहे तो आश्चर्य वाटावे इतका उथळ आहे. जावा समुद्राची सरासरी खोली पन्नास मीटरसुद्धा नाही. या भागाला सुंदाची समुद्रबूड जमीन म्हणतात, आणि हिमयुगात ती महाराष्ट्राच्या पाचपटीहून अधिक क्षेत्राची सलग भूमी होती. तिच्यावरून वाहणाऱ्या नद्यांची पात्रे आजही समुद्रतळावर ओळखता येतात. पूर्वेकडे ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी यांना जोडणारी साहुलची समुद्रबूड जमीन अशीच वर आली होती, आणि आजच्या कार्पेंटारियाच्या आखाताच्या जागी एक मोठे सरोवर होते. या दोन जमिनींच्या मधला भाग मात्र खोल असल्यामुळे प्रशांत महासागरातून हिंदी महासागरात येणारा प्रवाह त्या काळातही पूर्णपणे तुटला नव्हता. लोंबोकच्या सामुद्रधुनीतली उथळ कडसुद्धा सुमारे ३०० मीटर खोलीवर आहे.

ही जागा एवढी महत्त्वाची का, हे सांगण्यासाठी वॉकर अभिसरणाकडे वळावे लागते. १९०४ ते १९२४ या काळात भारतातल्या वेधशाळांचे महासंचालक असलेले गिल्बर्ट वॉकर यांनी आपल्या मान्सूनचा अंदाज बांधण्यासाठी जगभरच्या हवेच्या दाबाच्या नोंदी तपासल्या. इंडोनेशियाकडचा दाब आणि दूर पूर्व प्रशांत महासागराकडचा दाब तराजूच्या पारड्यांसारखे वरखाली होतात, हे त्यांच्या लक्षात आले. इंडोनेशियाच्या आसपास समुद्र अठ्ठावीस अंशांहून अधिक तापलेला असतो, तिथे हवा वर चढते, मुसळधार पाऊस पडतो, आणि वर गेलेली हवा पूर्वेला व पश्चिमेला दूर जाऊन खाली उतरते. उष्णकटिबंधाची ही जणू चूल आहे, आणि हिमयुगात नेमक्या या चुलीच्या तोंडाशी समुद्राच्या जागी जमीन आली.

जमीन आल्याने दोन गोष्टी बदलतात. समुद्राचे पाणी सूर्यप्रकाशाचा सहा-सात टक्केच भाग परतवते. जमीन, त्यातही विरळ झाडोऱ्याची, त्याच्या दुप्पट-तिप्पट परतवते. दुसरे असे, की उथळ समुद्र अखंड बाष्प पुरवत असतो, तर जमीन पावसाळा संपल्यावर कोरडी पडते. साहुलची जमीन उघडी पडल्यावर तिथली हवा थंडावली, वर चढण्याचा जोर ओसरला आणि हिंदी महासागराच्या विषुववृत्तीय पट्ट्यात पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारे वारे बळावले. या वाऱ्यांनी वरचे कोमट पाणी आफ्रिकेच्या दिशेने ढकलले. त्यामुळे सुमात्रा-जावाच्या किनाऱ्याशी उष्ण पाण्याचा थर पातळ झाला आणि खालचे थंड पाणी वर येऊ लागले. थंड पाण्यावर पाऊस आणखी कमी होतो, पाऊस कमी झाला की वारा आणखी जोर धरतो, आणि वाऱ्याने पुन्हा थंड पाणी वर येते. सुरुवातीचा धक्का लहान असला तरी हे चक्र त्याला मोठा करते. परिणामी हिंदी महासागराचा पूर्व भाग आणि इंडोनेशिया कोरडा पडला, तर महासागराचा पश्चिम भाग तुलनेने ओला राहिला.

हे चित्र एका दमात तयार झालेले नाही. २०१३ मध्ये पेद्रो दिनेझियो आणि जेसिका टिअर्नी यांनी हिमयुगातल्या पावसाच्या उपलब्ध खुणा एकत्र करून त्यांची बारा हवामान प्रारूपांशी, म्हणजे संगणकावर मांडलेल्या हवामानाच्या गणितांशी, तुलना केली. त्यांपैकी एकच प्रारूप खुणांशी नीट जुळले, आणि त्यात कोरडेपणाचे श्रेय सुंदाच्या उघड्या जमिनीला जात होते. बाराही प्रारूपांना समुद्रपातळीतील तीच घट दिलेली असूनही निकाल वेगवेगळे आले, कारण तापलेल्या जमिनीवर ढग कसे बांधले जातात याचे गणित प्रत्येकाने वेगळे मांडले होते. २०१८ मध्ये त्याच अभ्यासकांनी सहकाऱ्यांसह नवे प्रयोग केले तेव्हा मुख्य भूमिका सुंदाकडून साहुलकडे गेली, आणि वर सांगितलेले वारा-पाण्याचे चक्र पुढे आले. माझ्या मते हे दुसरे स्पष्टीकरण अधिक भक्कम आहे, कारण ते पावसाबरोबरच समुद्राच्या तापमानातला पूर्व-पश्चिम फरकही समजावून देते. तरीही सुंदाला पूर्णपणे बाजूला सारावे असे मला वाटत नाही.

आता हे सगळे कशावरून, असे ती विद्यार्थिनी विचारणारच. समुद्रतळातून नळीने काढलेला गाळ, ज्याला आम्ही कोअर म्हणतो, दिसायला हिरवट-करड्या मातीच्या लांब कांडीसारखा असतो. त्याचा एक सेंटिमीटरचा काप घ्यायचा, ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर हलक्या पाण्याने धुवायचा, आणि जे उरेल ते भट्टीत वाळवून सूक्ष्मदर्शकाखाली पसरायचे. मातीचा चिखल निघून गेल्यावर खाली बारीक साखरेसारखे पांढरे कण उरतात. ते फोरॅमिनिफेरा नावाच्या एकपेशीय जीवांचे चुन्याचे कवच असते. ओल्या कुंचल्याच्या टोकाने, श्वास रोखून, एकाच जातीची तीस-चाळीस कवचे वेचायची. उष्ण समुद्रात वरच्या थरात राहणारी ग्लोबिजेरिनॉइडिस रुबर ही जात आमच्या विशेष उपयोगाची. तिच्या फुगीर कप्प्यांवरची भोके एकदा ओळखीची झाली की दुसऱ्या जातीशी गल्लत होत नाही. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हात, पंख्याखाली हे काम करता येत नाही, कारण अर्ध्या तासाची वेचणी एका झोतात उडून जाते.

या कवचातल्या ऑक्सिजनच्या जड आणि हलक्या समस्थानिकांचे (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचे) प्रमाण मोजून पाण्याचे तापमान काढता येते, आणि नेमकी इथेच समुद्रपातळी आडवी येते. हिमयुगात जे पाणी समुद्रातून उठून हिमथरांत अडकले त्यात हलका ऑक्सिजन अधिक होता, त्यामुळे मागे राहिलेला समुद्र हजारी एक भागाने जड झाला. कवचातला एवढाच फरक तापमान चार-साडेचार अंशांनी उतरल्यासही दिसतो. म्हणजे पातळीचा फरक वजा केल्याशिवाय हा थर्मामीटर वाचणे व्यर्थ आहे. म्हणून त्याच कवचातल्या मॅग्नेशियम आणि कॅल्शियम यांच्या प्रमाणावरून तापमान स्वतंत्रपणे काढतात, आणि मग ऑक्सिजनच्या नोंदीत जे उरेल त्यावरून क्षारता आणि पाऊस यांचा अंदाज बांधतात. दर कवचाचे मोजमाप वेगळे केले तर आणखी एक गोष्ट हाती लागते. तो जीव काही आठवडेच जगतो, म्हणून एकाच कापातली कवचे वेगवेगळ्या वर्षांतल्या वेगवेगळ्या महिन्यांची साक्ष देतात, आणि त्यांच्यातल्या विखुरण्यावरून समुद्र किती चंचल होता हे कळते. पूर्व हिंदी महासागरातली हिमयुगातली कवचे आजच्यापेक्षा अधिक विखुरलेली आढळली आहेत, आणि हे वरच्या चक्राला पूरक आहे.

दुसरा सापळा माझ्या स्वतःच्या चुकीतून सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत एका नदीमुखासमोरच्या कोअरमध्ये मला हिमयुगाच्या थरांत झाडांच्या पानांवरच्या मेणाचे अंश भरपूर सापडले, आणि मी उत्साहाने तो काळ अधिक पावसाचा ठरवून मोकळा झालो. एका ज्येष्ठ सहकाऱ्याने शांतपणे नकाशावर बोट ठेवले. समुद्र उतरल्यामुळे नदीचे मुख माझ्या कोअरच्या कितीतरी जवळ आले होते. पाऊस कमी असूनही जमिनीवरचा माल तिथे अधिक पोहोचत होता. तेव्हापासून मी मेण किती आहे याकडे फारसे पाहत नाही, मेणातल्या हायड्रोजनचे आणि कार्बनचे समस्थानिक पाहतो. ते पावसाबद्दल आणि झाडांच्या प्रकाराबद्दल सांगतात, अंतराबद्दल नाही.

समुद्र परत वर आला तेव्हाची नोंद मला सर्वांत पटणारी वाटते. बार्बाडोसच्या किनाऱ्यावरची बुडालेली प्रवाळे भेदून १९८९ मध्ये रिचर्ड फेअरबँक्स यांनी हा चढ मोजला. पृष्ठभागाजवळच वाढणारी ही प्रवाळे समुद्रपातळीच्या मोजपट्टीसारखी असतात. साधारण १९,००० वर्षांपूर्वी सुरू झालेला हा चढ सात-सहा हजार वर्षांपूर्वी आजच्या पातळीच्या जवळ येऊन थांबला. मध्ये सुमारे १४,६०० वर्षांपूर्वी काही शतकांतच पाणी पंधरा मीटरहून अधिक वाढले होते. इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावरच्या लिआंग लुआर गुहेतल्या लवणस्तंभांची नोंद सांगते, की ११,००० ते ७,००० वर्षांपूर्वी, म्हणजे सुंदाची जमीन बुडत असताना, तिथला मान्सून वाढत गेला. फ्लोरेस दक्षिण गोलार्धात आहे आणि त्या काळात तिथल्या उन्हाळ्यात सूर्याची उष्णता आजच्यापेक्षा कमी मिळत होती, म्हणून केवळ सूर्याच्या हिशेबाने तिथे पाऊस कमी असायला हवा होता. उत्तर गोलार्धात याच सहस्रकांत सूर्य आणि समुद्र दोघेही एकाच दिशेने ओढत होते, त्यामुळे आपल्या बाजूच्या नोंदींतून दोघांचा वाटा वेगळा काढणे अवघड जाते. फ्लोरेसचे महत्त्व त्यासाठी आहे.

आता नागपूर. हिमयुगात मध्य भारतातला मान्सून दुबळा होता, परंतु त्याचे मोठे कारण समुद्रपातळी नव्हते. उत्तर अमेरिका आणि युरोपवर पसरलेल्या हिमथरांनी उत्तर गोलार्ध थंड केला, विषुववृत्तीय पावसाचा पट्टा दक्षिणेकडे रेटला गेला आणि बंगालच्या उपसागरावरचा मान्सून मागे हटला. २०१८ च्या त्या प्रयोगांतही ही दोन कारणे स्पष्टपणे वेगळी दिसतात: इंडोनेशिया ते आफ्रिका हा पूर्व-पश्चिम फेरबदल समुद्रपातळीमुळे, तर बंगालच्या उपसागराकडची माघार हिमथरांमुळे. किनारा दूर गेल्यामुळे नागपूर कोरडे पडले असेल, हा तर्कही फारसा टिकत नाही. पश्चिमेला समुद्र दीडशे किलोमीटरहून अधिक मागे गेला होता, पण विदर्भात झड लागते ती मुख्यतः बंगालच्या उपसागरातून येणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांमुळे, आणि आंध्रकडची समुद्रबूड जमीन अरुंद असल्यामुळे त्या बाजूला किनारा फार सरकलाच नाही. प्रश्न किनारा किती लांब होता हा नसून उपसागर किती तापत होता आणि वारे कुठवर पोहोचत होते हा आहे.

या ठिकाणी विदर्भाची स्वतःची साक्ष उपयोगी पडते, आणि ती वर्गात जरूर सांगावी. नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, वैनगंगा वर्धेला मिळून प्राणहिता होते, आणि प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत शिरते. म्हणून गोदावरीच्या मुखासमोर २००६ मध्ये समुद्रतळातून काढलेल्या कोअरमध्ये जो गाळ आहे, त्यात आपल्याही शिवारातली माती आहे. त्या गाळातल्या पानांच्या मेणावरून २०१२ मध्ये असे दाखवण्यात आले, की सुमारे ४,००० वर्षांपूर्वीपासून गोदावरीच्या खोऱ्यात कोरडे हवामान सोसणाऱ्या वनस्पती वाढत गेल्या, सुमारे १,७०० वर्षांपूर्वीपर्यंत हा कल चालू राहिला आणि त्यानंतरही त्या टिकून राहिल्या. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराच्या गाळातही सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा दीर्घ कोरडा काळ नोंदलेला आहे. या संपूर्ण अवधीत समुद्रपातळी जवळपास जागच्या जागी होती. समुद्र हलला नाही तरी विदर्भाचा पाऊस आटू शकतो, हे यावरून सिद्ध होते, आणि प्रत्येक जुन्या दुष्काळाचे खापर समुद्रपातळीवर फोडण्याच्या मोहाला ते चांगले उत्तर आहे. (छिंदवाड्याजवळच्या झिलमिलीला दख्खनच्या लाव्हाथरांमध्ये समुद्री फोरॅमिनिफेरा सापडले आहेत हे खरे, परंतु ती सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, मुलांनी ती या हिशेबात मिसळू नये.)

आणखी एक खबरदारी घ्यावी लागते. समुद्रपातळीच्या प्रत्येक उतारात सुंदा बेट-बेट जोडून एक होत असे आणि प्रत्येक चढात तुटत असे, असे चित्र पुस्तकांत सर्रास दिसते. परंतु सुंदाची जमीन स्वतः हळूहळू खचते आहे, आणि २०१९ मध्ये मांडलेल्या एका अभ्यासानुसार सुमारे चार लाख वर्षांपूर्वीपर्यंत ती उच्च पातळीच्या काळातही कोरडीच होती. हे बरोबर असेल, तर त्याआधीच्या हिमयुगांत समुद्र कितीही वरखाली झाला तरी सुंदाच्या बाजूने पावसाला बसणारा धक्का आजच्या हिशेबाने मोजता येणार नाही.

राहिला सरांचा स्वतःचा प्रश्न. १९०१ ते २०१८ या काळात जगाची सरासरी समुद्रपातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली आहे. जी जमीन पन्नास मीटर पाण्याखाली आहे तिच्यावर आणखी हातभर किंवा पुरुषभर पाणी आले, तरी तिच्या वरची हवा त्याची दखल घेणार नाही. पाणी उतरताना जे घडले त्याचे उलट रूप पाणी चढताना दिसेल, अशी अपेक्षा त्यामुळे ठेवता येत नाही. जे बुडायचे होते ते सात हजार वर्षांपूर्वीच बुडाले आहे. वाढत्या पातळीची चिंता किनाऱ्यावरच्यांना आहेच, पण ती पावसाच्या मार्गाने विदर्भात येणार नाही.

मात्र हिमयुगाने हिंदी महासागराबद्दल जे दाखवले ते आजही लागू आहे. पूर्वेला थंड पाणी आणि पश्चिमेला कोमट, हे रूप आज काही वर्षांपुरते येते आणि जाते. १९९९ मध्ये साजी, गोस्वामी, विनयचंद्रन आणि यामागाता यांनी त्याला हिंदी महासागर द्विध्रुव असे नाव दिले. २०१९ मध्ये हे रूप अतिशय तीव्र होते. त्या वर्षी जुलैत नागपूरला एक दिवसाआड पाणी मिळत होते आणि शहराला पाणी पुरवणाऱ्या तोतलाडोह धरणाचा तळ दिसत होता. पुढे सप्टेंबरापर्यंत देशाचा मान्सून सरासरीच्या ११० टक्क्यांवर गेला, पूर्व आफ्रिकेत पूर आले आणि इंडोनेशिया व ऑस्ट्रेलिया होरपळले. हिमयुगात बाहेरून धक्का साहुलच्या जमिनीने दिला. पुढे तो वाढत्या उष्णतेने मिळाला, तर हा महासागर पुन्हा त्या रूपाकडे किती झुकेल, यावर सध्या बरेच काम चालू आहे.

वर्गासाठी एक सूचना करतो. आग्नेय आशियाचा खोलीच्या रेषा दाखवणारा नकाशा मिळवून मुलांना १२० मीटरची रेषा लाल आणि ५० मीटरची रेषा निळ्या पेन्सिलीने ओढायला सांगावी, आणि तोच प्रकार कोकण व आंध्रच्या किनाऱ्यावरही करून घ्यावा. आंध्रकडे दोन्ही रेषा किनाऱ्याला चिकटून जवळजवळ येतील, आणि जावाच्या उत्तरेला लाल रेषा सापडतच नाही अशी तक्रार घेऊन मुले टेबलाशी येतील.